आधी इंजिन ओळखा, मग हेड घासा

निपाणी सोडून तवंदी घाट चढायला लागलो आणि तिसऱ्या गियरवर बॉनेटखालून टिणटिण सुरू झाली. पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवल्यासारखी. पाय उचलला की गप्प, दाबला की परत टिणटिण. आदल्याच दिवशी हेड (सिलिंडर असलेल्या ब्लॉकवरचं झाकण) घासून, नवं गॅस्केट टाकून, मोठ्या हौसेनं बाहेर काढलेली आजोबांची अ‍ॅम्बेसेडर. एकेकाळी ती तंबाखूच्या वखारीपुढं उभी असायची.

चूक साधी होती. मिस्त्रीमामा म्हणाले होते, "एवढं काय बघूलालास गा? दीड एमेम घासूया की, पळतंय बघ कसं." मीही हो म्हणालो. हेड घासलं की त्यातली जागा कमी होते आणि कॉम्प्रेशन, म्हणजे पेट्रोल-हवेचं दाबलं जाणं, वाढतं; फार वाढलं की पेट्रोल आपणहून पेटून टिणटिण होते. ते हेड आमच्या आधी कुणीतरी एकदा घासलेलं होतं, आणि मुळात ते इंजिनच गाडीचं मूळ इंजिन नव्हतं. या दोन्ही गोष्टी नंतर कळल्या. म्हणून या लेखात कॉम्प्रेशन वाढवण्याच्या आधी इंजिन ओळखण्याला जास्त जागा दिली आहे. घासायचं काम मशीन करतं. किती घासायचं हे आपल्याला ठरवावं लागतं, आणि आत काय बसलंय हे माहीत नसेल तर ते ठरवताच येत नाही.

बॉनेट उघडून आधी नुसतं बघा

आपल्या सीमाभागातल्या जुन्या गाड्यांनी दोन्ही राज्यांची गॅरेजं पाहिली आहेत. पेट्रोल महागलं तेव्हा डिझेल इंजिन बसवलं, गाडी टॅक्सीतून सुटल्यावर परत पेट्रोल. कोल्हापूरहून 'रिकंडिशन' इंजिन आणलं, बेळगावात बसवलं, आणि आरसी बुकात पहिलाच नंबर राहिला. त्यामुळं कागदावरून सुरुवात करू नका. लोखंडावरून करा.

अ‍ॅम्बेसेडरमध्ये कंपनीकडूनच आलेली इंजिनं बरीच. अगदी सुरुवातीच्या गाड्यांत १४७६ सीसीचं साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असलेलं) इंजिन होतं. त्याचं हेड म्हणजे एक सपाट लादी, वर रॉकर कव्हर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरवरचं झाकण) नाही. १९५९ पासून बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह हेडमध्ये असलेलं) इंजिन आलं आणि बहुतेकांच्या डोळ्यांपुढं तेच असतं. लांबट पत्र्याचं रॉकर कव्हर, ड्रायव्हरच्या सीटवरून पाहिलं तर कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट दोन्ही डाव्या अंगाला, प्लग आणि डेल्को (प्लगांना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर) उजव्या अंगाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याच घराण्यातलं डिझेल आलं. त्यावर डेल्को नाही, त्याऐवजी इंजेक्शन पंप आणि नोझलच्या लोखंडी नळ्या. नव्वदीत इसुझूचं १८१७ सीसी पेट्रोल आलं, सोबत पाच गियरचा बॉक्स. त्याचा कॅमशाफ्ट हेडमध्येच असतो, म्हणून कव्हरचा आकारच वेगळा. त्यानंतर इसुझूचं दोन लिटरचं डिझेलही आलं.

यातली एक गोम लक्षात ठेवा. बीएमसीचं पेट्रोल आणि डिझेल, दोन्ही १४८९ सीसीच. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३.०२५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८८.९ मिमी, दोन्हींचं सारखंच. आरसीवर १४८९ आहे एवढ्यावर समाधान मानू नका, इंधनाचा रकाना वाचा. शिवाय काँटेसाच्या पहिल्या गाड्यांतही हेच १४८९ होतं, त्यामुळं काँटेसातून उतरवलेलं इंजिन अ‍ॅम्बेसेडरमध्ये सापडलं तर दचकायचं कारण नाही.

पद्मिनीवाल्यांसाठी थोडक्यात: मूळ इंजिन १०८९ सीसी, बोअर ६८, स्ट्रोक ७५. त्याचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणून चुंबक चिकटत नाही. बीएमसीचं हेड बिडाचं, तिथं चुंबक लगेच बसतो. प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीतलं निसानचं ए-१२ बसवलं असेल तर ते ११७१ सीसी, बोअर ७३, स्ट्रोक ७०. पद्मिनीचं कंपनीचं डिझेल १३६६ सीसीचं. विलीस घराण्यातल्या २१९९ सीसीच्या जुन्या पेट्रोल जीपचं प्रकरणच निराळं: इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. पुढचा हिशेब तिला जसाच्या तसा लावू नका.

नंबर: पाटी आणि ठसा

इंजिन नंबर दोन तऱ्हेनं असतो. एक, रिव्हेट मारलेली छोटी पाटी. दुसरा, ब्लॉकवरच ठोकलेला ठसा. पाटी काढून दुसऱ्या ब्लॉकवर लावायला दोन रिव्हेट आणि दहा मिनिटं पुरतात. आमच्या गाडीत नेमकं तेच झालं होतं. पाटीवरचा नंबर आरसीशी तंतोतंत जुळत होता. रिव्हेट मात्र नवीन, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे, आणि पाटीच्या कडेखाली जुन्या हिरव्या रंगाची रेघ. नव्वदच्या दशकात वडिलांनी 'इंजिनचं काम' म्हणून जे बिल भरलं होतं, ते खरं तर अख्ख्या दुसऱ्या इंजिनचं होतं.

काम असं करा. नंबरची जागा रॉकेल आणि पितळी ब्रशनं साफ करा. लोखंडी ब्रश किंवा पॉलिश पेपर अजिबात नको. ठशावर घासल्याची खूण दिसली तर पुढं आरटीओत तुम्हालाच उत्तर द्यावं लागेल. मग कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा, ट्रान्सफरच्या वेळी चेसिसची प्रिंट घेतात तशी. अक्षरं एका ओळीत आहेत का, सगळ्यांची खोली सारखी आहे का, आजूबाजूचं बीड खडबडीत असताना नंबराखालचाच पट्टा गुळगुळीत आहे का, हे डोळ्यांपेक्षा त्या कागदावर स्पष्ट दिसतं. ब्लॉकच्या बाजूला ओतकामातच उठलेले आकडे असतात, त्यांचाही फोटो काढून ठेवा. ते कुणाला हलवता येत नाहीत.

कागदाचं काय

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडीत आरसीशी न जुळणारा बदल करायचा असेल तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि इंजिन बदललं असेल तर १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. आमच्यासारखी जुनी भानगड निघाली तर बिलं, सर्व्हिसचे कागद, पेन्सिल प्रिंट असं सगळं घेऊन स्वतःहून जा. विकताना किंवा अपघातानंतर ते उघडं पडण्यापेक्षा हे परवडतं.

गाडी एमएच ०९ ची आणि तुम्ही राहता निपाणी, खानापूर किंवा बेळगावात? बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी इकडंच राहिली तर केए चा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी. या पायरीवर इंजिन नंबर पाहिला जातो, म्हणून एनओसीला अर्ज करण्याआधीच तो जुळवून घ्या. आरसी कन्नड-इंग्रजीत, गॅरेजचं बिल मराठीत, मिस्त्रीचा हिशेब हिंदीत. आपल्याकडं हे असंच असतं. नंबर तेवढा सगळीकडं एकच हवा.

गाडी पन्नास वर्षांपुढची असेल तर थांबून विचार करा. २०२१ च्या नियमांप्रमाणं तिची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण त्यासाठी इंजिन आणि बॉडी मूळ रूपात असावी लागते. तो मार्ग डोक्यात असेल तर इंजिन बदलू नका, आणि हा लेख फक्त माहितीसाठी वाचा.

हेड उघडण्याआधी गेज लावा

इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडवा, प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज (दाबमापक) लावा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा ठोके सेल्फ मारा. बॅटरी भरलेली हवी, नाहीतर चौथ्या सिलिंडरचा आकडा उगाच कमी दिसतो. चारही आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत बघा. आकडा वर गेला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. नाही गेला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर मधलं गॅस्केट.

पुस्तकातला आकडा समुद्रसपाटीचा असतो. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर. इथं हवेचा दाबच आठ-साडेआठ टक्क्यांनी कमी, त्यामुळं गेजही तेवढं कमी दाखवणार. पुस्तकात १३० पीएसआय असेल तर इथं १२० च्या आसपासचं निरोगी इंजिन पाहून रिबोर करायला (सिलिंडर मोठे कोरून घ्यायला) धावू नका.

आणि रिंगा किंवा व्हॉल्व्ह खराब असतील तर हेड घासून कॉम्प्रेशन 'वाढवणं' म्हणजे फुटक्या घागरीत जास्त पाणी ओतणं. आधी ते काम करा.

मोजमाप

हेड उतरलं की पहिली नजर पिस्टनवर. कार्बन खरवडल्यावर माथ्यावर ठसा दिसतो: काही नसेल तर स्टँडर्ड, ०२० म्हणजे बोअर अर्धा मिलिमीटर मोठा, ०४० म्हणजे एक मिलिमीटर. आमच्यात ०२० निघाले. चारही पिस्टन एकाच मापाचे आहेत का तेही बघा. हसू नका, तीन एक आणि चौथा भलताच असं मी स्वतः पाहिलंय.

आता चेंबर (हेडमधला खळगा, जिथं पेट्रोल पेटतं) किती सीसीचा आहे ते मोजायचं. यासाठी यंत्र लागत नाही. मेडिकलमधून वीस मिलीची सिरिंज आणा, आणि मधोमध भोक पाडलेला जाडसर अ‍ॅक्रिलिकचा तुकडा. हेड उलटं ठेवा, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवलेले असू द्या, स्पिरिट लेव्हलनं सपाट करा. चेंबरच्या कडेला ग्रीसचा बारीक थर, त्यावर अ‍ॅक्रिलिक दाबून बसवा. रॉकेलात थोडं लाल गियर ऑइल मिसळा म्हणजे बुडबुडा दिसतो. सिरिंज मोजत मोजत भोकातून भरा. शेवटचा बुडबुडा हेड किंचित कलवून बाहेर काढा. चारही चेंबर मोजा, प्रत्येक दोनदा. पहिलं फसल्यावर घेतलेल्या आमच्या दुसऱ्या हेडचा आकडा ४०.५ सीसी आला. पहिल्या, फसलेल्या हेडचा आला ३३.

तसंच ब्लॉकवर. पिस्टन अगदी वर आणा, कडेच्या फटीत ग्रीस भरा, अ‍ॅक्रिलिक ठेवून रॉकेल भरा. पिस्टनचा खळगा आणि पिस्टन जेवढा खाली राहतो ती जागा, दोन्ही मिळून एकच आकडा येतो. आमचा १२.६ सीसी. पिस्टन ब्लॉकच्या वर डोकावत असेल तर त्याला मोजून दहा मिलिमीटर खाली उतरवा आणि हिशेबात तेवढी जागा वजा करा.

गॅस्केट: जुनं, दाबलं गेलेलं गॅस्केट मायक्रोमीटरनं मोजा, नवं नव्हे. आमचं ०.९ मिमी, भोक ७४.५ मिमी, म्हणजे ३.९ सीसी.

हिशेब

एका सिलिंडरमधली पिस्टनच्या फेऱ्याची जागा म्हणजे ०.७८५४ गुणिले बोअर गुणिले बोअर गुणिले स्ट्रोक, सगळं सेंटिमीटरमध्ये. ०२० पिस्टनसाठी बोअर ७.३५३ आणि स्ट्रोक ८.८९, उत्तर ३७७.५ सीसी. (स्टँडर्डला ३७२.३. पद्मिनीला २७२.४.)

वर उरणारी जागा: ४०.५ अधिक ३.९ अधिक १२.६, बरोबर ५७.

कॉम्प्रेशन रेशो: ३७७.५ अधिक ५७, भागिले ५७. म्हणजे ७.६.

मला ८.२ हवा होता. मग उरणारी जागा ३७७.५ भागिले ७.२ (८.२ उणे १), म्हणजे ५२.४ सीसी. कमी करायचे ४.६ सीसी.

इथं बहुतेकजण चुकतात. सीसीला बोअरच्या क्षेत्रफळानं भागतात. चेंबरचं तोंड बोअरएवढं नसतं, ते हृदयाच्या आकाराचं आणि लहान असतं. आलेख कागद हेडवर ठेवून तोंडाचा आकार उमटवा आणि चौकोन मोजा. आमचे ३३ चौरस सेंटिमीटर भरले. म्हणजे एक मिलिमीटर घासला की ३.३ सीसी जातात. ४.६ भागिले ३.३, साधारण १.४ मिमी.

आता पहिल्या वेळचा घोळ बघा. ते हेड आमच्या हाती आलं तेव्हाच ३८ सीसीचं होतं, पाऊण मिलिमीटर आधीच गेलेला. त्याला खरी गरज होती ०.६ मिमीची. आम्ही दीड काढला. ३३ चा चेंबर झाला आणि रेशो ८.६ वर गेला. तवंदीची टिणटिण त्यातून आली.

हे सगळं करून मिळतं किती, तेही ऐका. ७.६ वरून ८.२ वर गेलं तर पुस्तकी हिशेबानं फायदा साधारण अडीच टक्के. बस्स. पण खालच्या आरपीएमला ओढ सुधारते, घाटात एक गियर कमी बदलावा लागतो, आणि ते जाणवतं. नऊच्या पुढं जायचा मोह मात्र धरू नका. मूळ बीएमसी १४८९ चा क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) फक्त तीन मेन बेअरिंगवर फिरतो, जास्त ताण त्याला झेपत नाही.

उद्यमबागेत

उद्यमबाग ही बेळगावची औद्योगिक वसाहत. बेळगावचं हे सुख आहे. फाउंड्र्या आणि मशीन शॉप हाकेच्या अंतरावर, कोल्हापूरकरांनाही तसंच. सरफेस ग्राइंडर किंवा चांगलं मिलिंग असलेला शॉप गाठा. हेड टेबलावर रॉकर कव्हरच्या तोंडावर सपाट बसलंय का ते समोर उभं राहून बघा, नाहीतर एका टोकाला जास्त घासलं जातं. १.४ पाहिजे असेल तर आधी एक मिलिमीटर काढायला सांगा, परत रॉकेल भरून मोजा, मग उरलेलं. मशीनवाला कुरकुरेल. चहा पाजा.

हेड उघडलंच आहे तर एक्झॉस्टच्या सीट (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्या) कडक धातूच्या बसवून घ्या. २००० पासून शिसं असलेलं पेट्रोल बंद झालं, आणि बिडाच्या हेडमधल्या जुन्या सीट शिशाच्या आधारानं टिकत होत्या. अ‍ॅल्युमिनियमचं हेड असेल तर घासण्याआधी पाण्याच्या वाटा नीट तपासा. कुजलेलं अ‍ॅल्युमिनियम पातळ झाल्यावर गॅस्केट धरत नाही.

घासल्यावर चेंबरच्या धारदार कडा बारीक कानशीनं मोडा. ती धार तापून लाल होते आणि ठिणगीआधीच पेट्रोल पेटवते.

जोडणी

बसवण्याआधी पिस्टनच्या माथ्यावर मुलांची खेळण्याची माती थापा, हेड जुन्या गॅस्केटसह हलकं आवळा, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावा, हातानं इंजिन दोन फेरे फिरवा. हेड काढून मातीवरचे व्हॉल्व्हचे ठसे बघा. कुठं माती कागदासारखी पातळ झाली असेल तर पुढं जाऊ नका. हेड खाली आल्यानं पुशरॉड (खालून रॉकर ढकलणाऱ्या दांड्या) आता लांब पडतात, म्हणून टॅपेटचा स्क्रू शेवटाला जात असेल तर रॉकरच्या खांबाखाली पातळ शिम टाका.

नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनं. इंजिन एकदा तापून गार झालं की परत तपासा, पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा, आणि दर वेळी टॅपेटही. रेडिएटर साफ नसेल तर तेही आत्ताच. वाढलेली उष्णता जायला वाट हवी.

पेट्रोल आणि टायमिंग

आपल्या जिल्ह्यात उसापासून इथेनॉल बनतं आणि तेच पंपावरून आपल्या टाकीत येतं. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल जुन्या गाडीवाल्यांची रड खरी आहे: रबरी नळ्या, पंपाचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरच्या रबरी वस्तू फुगतात, आणि गाडी महिनाभर उभी राहिली की इथेनॉल पाणी शोषतं. नळ्या बदला, उभी ठेवायची गाडी रिकामी करा. पण ई-२० चा ऑक्टेन (टिणटिण न करता दाब सोसायची ताकद) ९५, जुन्या साध्या पेट्रोलचा ९१. म्हणजे कॉम्प्रेशन वाढवणाऱ्याला हे पेट्रोल मदतच करतं. त्याला हवेच्या मानानं पेट्रोल थोडं जास्त लागतं, म्हणून प्लगचं टोक पांढरं पडत असेल तर मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा टाका.

टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पूर्वीपेक्षा दोन अंश मागं, म्हणजे उशिरा, ठेवून सुरुवात करा. लुकासच्या डेल्कोवर खाली छोटी दातेरी चकती असते, त्यानं थोडं थोडं पुढं-मागं करता येतं.

मग चढ. तवंदी किंवा वंटमुरी घाट, इंजिन पूर्ण तापलेलं, टॉप गियर, चाळीसचा वेग, आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. क्षणभर हलकी टिणटिण येऊन थांबली तर टायमिंग योग्य. चालूच राहिली तर मागं घ्या. बेळगावात सगळं ठीक झालं आणि गाडी चोर्ला किंवा आंबोलीनं खाली नेणार असाल तर ध्यानात ठेवा, समुद्राजवळ हवा दाट, तिथं तेच इंजिन जास्त दाबावर चालतं. गोव्यात उतरण्याआधी त्या चकतीनं टायमिंग थोडं मागं.

आमच्या गाडीच्या बॉनेटच्या आत आता एक पत्रा चिकटवलाय. पंचनं आकडे ठोकलेत: ब्लॉकचा खरा नंबर, पिस्टन ०२०, चेंबर ३५.९ सीसी, हेड १.४ मिमी घासलेलं, तारीख. मामांनी तो बघितला आणि एवढंच म्हणाले, "हे आधीच्यानं लावलं असतं तर गा."